मोटारसायकलचे जुने १०० सीसी इंजिन घरी बांधलेल्या लहान होडीला बसवता येईल का?

बसवता येते, परंतु शक्तीपेक्षा इंजिन थंड ठेवण्याचा प्रश्न अधिक कठीण आहे. मोटारसायकलचे इंजिन धावत्या गाडीवर येणाऱ्या वाऱ्याने थंड होते, आणि संथ होडीत, तेही पूर्ण भारावर सतत चालताना, तेवढा वारा मिळत नसल्यामुळे ते लवकर तापते. म्हणून सिलिंडरभोवती स्वतःचा पंखा आणि आवरण असलेले स्कूटरचे इंजिन मी अधिक योग्य मानतो.

तरीही मोटारसायकलचेच इंजिन वापरायचे असल्यास त्यावर पंखा बसवावा, वरचा गिअर टाकून पुढच्या चेन-चक्रावरून शक्ती घ्यावी आणि पाण्यातील पंख्याच्या दांड्यावर, होडी पुढे ढकलणारा रेटा पेलणारे, वेगळे बेअरिंग घालावे. अन्यथा तो रेटा थेट गिअरबॉक्सवर येतो. थायलंडमध्ये मोटारीचे इंजिन लांब दांड्यासह फिरत्या खुंटीवर बसवतात, त्यामुळे होडीच्या तळाला भोक पाडावे लागत नाही आणि वेगळे सुकाणूही लागत नाही. हौशी कारागिराने हीच रचना स्वीकारावी. रिव्हर्स गिअर नसल्याने वल्हे मात्र सोबत हवेच.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असून होडीच्या तळाशी साचते. त्यामुळे टाकी बंदिस्त जागेत ठेवू नये.