रिकॉलचं पत्र आलंय, गाडी न्यावी की नको?

प्रश्न : राजापूरला माझं किराणा दुकान आहे. चार वर्षांपूर्वी पुण्याहून २०१३ मॉडेलची सेडान सेकंडहँड घेतली. गेल्या महिन्यात गाडीच्या पहिल्या मालकांना कंपनीचं पत्र आलं आणि त्यांनी त्याचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. पुढच्या डाव्या सीटसमोरच्या एअरबॅगचा इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारी धातूची डबी) फुटून धातूचे तुकडे उडू शकतात, तो मोफत बदलून मिळेल, असं त्यात आहे. आमचा मेकॅनिक म्हणतो, गाडी एवढी वर्षं व्यवस्थित चालतेय, कशाला नेताय? डॅशबोर्ड खोलतील, दहा दुखणी काढतील आणि बिल लावतील. फारच वाटत असेल तर एअरबॅगचा फ्यूजच काढून देतो म्हणतो. गाडीला बाहेरून सीएनजी किट बसवलंय, त्यामुळे ते नकार देतील अशीही भीती आहे. सर्व्हिस सेंटर रत्नागिरीला, म्हणजे एक दिवस दुकान बंद. गाडी मुलगाही चालवतो आणि आई नेहमी पुढे बसते. नाही नेली तर कायद्याने माझ्यावर काही येतं का? आणि नेली तर पुढे कंपनीविरुद्ध तक्रार करायचा हक्क जातो का?

सल्ला : गाडी न्या, आणि नेईपर्यंत आईंना पुढच्या सीटवर बसवू नका. ही दोन वाक्यं आधी लिहिते, कारण पुढचं कायद्याचं विवेचन वाचायला तुम्ही चार दिवस घ्याल आणि तेवढ्यात कुणाचं तरी लग्न निघेल.

पत्रातल्या वर्णनावरून हा टाकाटा या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरसारखाच दोष दिसतो. एअरबॅग फुगवण्यासाठी त्या इन्फ्लेटरमध्ये अमोनियम नायट्रेट वापरलेलं होतं. वर्षानुवर्षं उष्णता आणि दमट हवा लागली की ते खराब होतं. मग धडकेच्या क्षणी ते हवं त्यापेक्षा जोरात पेटतं आणि धातूची डबीच फुटते. एकट्या अमेरिकेत असे सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले, आणि तिथे दोन डझनांहून अधिक माणसं यात दगावली. त्यातल्या कित्येकांचा अपघात जीव जावा एवढा मोठा नव्हता. म्हणून ‘एवढी वर्षं चालतेय’ हा मेकॅनिकचा मुद्दा इथे नेमका उलटा लागू होतो. गाडी जितकी जुनी आणि हवा जितकी दमट, तितका धोका जास्त. कोकणातल्या हवेबद्दल मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता कायदा. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने कलम ११०-अ आलं. त्याखाली केंद्र सरकार सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देऊ शकतं, आणि दोष कंपनीच्या स्वतःच्या लक्षात आला तर तिने सरकारला कळवून रिकॉल सुरू करायचं असतं. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेले याचे नियम सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी आहेत. तुमची गाडी त्यात बसत नाही. पण कंपनीने आपणहून रिकॉल काढलं असेल आणि तुमचा चॅसिस नंबर त्या यादीत असेल, तर गाडीचं वय आड येत नाही. तेव्हा आरसीवरचा नंबर कंपनीच्या वेबसाइटवर किंवा ग्राहक सेवा क्रमांकावर आधी तपासून घ्या. पत्र पहिल्या मालकाच्या नावावर असलं तरी बिघडत नाही, रिकॉल गाडीचं असतं.

ही सगळी कलमं कंपनीवर बंधन घालतात. गाडी दुरुस्तीला नेलीच पाहिजे असं मालकाला सांगणारं कलम नाही. पण म्हणून तुम्ही मोकळे आहात असंही नाही. याच कायद्याचं कलम १९० म्हणतं की, गाडीतला धोकादायक दोष माहीत असताना ती चालवली किंवा दुसऱ्याला चालवू दिली तर दीड हजार रुपये दंड, आणि त्या दोषामुळे अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. हे कलम ब्रेक-स्टिअरिंगसारख्या दोषांना सरळ लागू पडतं. एअरबॅगचा धोका मुख्यतः गाडीत बसलेल्यांना असल्यामुळे तिथे वकिलांना वाद घालायला जागा आहे. मात्र ‘माहीत असताना’ हा भाग तुमच्या बाबतीत वादापलीकडचा आहे. पत्राचा फोटो तारखेनिशी तुमच्या फोनमध्ये आहे. उद्या मुलाने गाडी चालवताना शेजारी बसलेल्या कुणाला इजा झाली, तर उलटतपासणीत पहिला प्रश्न तो फोटो दाखवूनच विचारला जाईल.

विम्याचंही सांगते. रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला भरपाई नाकारण्याची जी मोजकी कारणं कायद्याने विमा कंपनीला दिली आहेत, त्यांत रिकॉल न करणं हे नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची पॉलिसी काढून वाचा. गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी योग्य ती सर्व काळजी घेण्याची अट त्यात बहुधा सापडेल. त्या अटीवर बोट ठेवायची संधी आपणहून कशाला द्यायची? आणि सीएनजी किटची नोंद आरसीवर व पॉलिसीवर आहे ना? नसेल तर तुमच्या दाव्याला रिकॉलपेक्षा मोठा धोका तिथे आहे. ते काम याच महिन्यात उरका.

किटमुळे रिकॉल नाकारतील ही भीती मला फारशी पटत नाही. रिकॉल म्हणजे वॉरंटी नव्हे. सर्व्हिसिंग कुठे केलं, बाहेरून काय बसवलं, हे वॉरंटीत बघतात. इथे कंपनी स्वतःच्या सदोष भागाची जबाबदारी घेते आहे, आणि सीएनजी किटचा त्या इन्फ्लेटरशी संबंध नाही. फ्यूज काढण्याचा मार्ग मात्र मनातून काढून टाका. सदोष डबी जागेवरच राहते, दुसरी चांगली एअरबॅगही त्यात बंद पडू शकते, आणि पुढे कधी भरपाई मागायची वेळ आली तर ‘मालकाने छेडछाड केली’ हे उत्तर कंपनीला आयतं मिळतं.

बिल लावतील या भीतीवर उपाय जॉब कार्डावर आहे. गाडी दिली की ते कार्ड भरतात आणि आपण न वाचता सही करतो. तुम्ही वाचा. कामाच्या रकान्यात ‘फक्त एअरबॅग रिकॉल, इतर कोणतंही काम मालकाच्या लेखी संमतीशिवाय करू नये’ असं लिहून घ्या. चॅसिस नंबर एकेक अक्षर आरसीशी ताडून बघा. गाडी घेताना शून्य रुपयांचं बिल मागा, आणि त्यावर काढलेल्या व बसवलेल्या भागाचा नंबर असू द्या. ‘काम समाधानकारक झाले, माझी कोणतीही तक्रार किंवा दावा उरला नाही’ असा मजकूर छापलेला असेल तर ‘दावा’चा भाग खोडा आणि ‘रिकॉलचं काम झालं, इतर हक्क राखून’ असं लिहून सही करा. नुसत्या रिकॉलमुळे तुमचा हक्क जात नाही, पण असल्या छापील ओळींवरून पुढे वाद होतात.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनामुळे इजा झाल्यास उत्पादकाकडून भरपाई मागण्याचं स्वतंत्र प्रकरण आहे. पण त्यासाठी प्रत्यक्ष हानी झालेली असावी लागते, आणि केवळ त्या वस्तूचंच झालेलं नुकसान या हानीत मोजत नाहीत. नुसता भाग बदलून दिला नाही एवढ्यावर हा दावा उभा राहत नाही. इजा झाली तर मात्र न्यायालयं कडक आहेत. धडकेत ह्युंदाईच्या क्रेटाच्या एअरबॅग उघडल्या नाहीत, त्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गाडी बदलून देण्याचा आणि भरपाईचा आदेश कायम ठेवला. धडकेचा वेग आणि जोर मोजायला ग्राहक काही भौतिकशास्त्राचा तज्ज्ञ नसतो, असं न्यायालयाने त्यात बजावलं. पण तो ग्राहक अंधारात होता. तुम्हाला कंपनीने लेखी सांगितलंय आणि मोफत भाग देऊ केलाय. ते नाकारून पुढे इजा झाली, तर भरपाई मागताना तुमची बाजू त्याच्याइतकी भक्कम राहणार नाही.

रत्नागिरीला जाण्याआधी फोन करून भाग स्टॉकमध्ये आहे का ते विचारा, नाहीतर दुकान दोनदा बंद ठेवावं लागेल. गाडी घरून उचलून न्याल का, हे ईमेलने विचारा, उत्तर लेखी मिळेल. नाही म्हणाले तर एकटेच जा, डावी सीट रिकामी ठेवा. पैसे मागितले किंवा तारखांवर तारखा दिल्या तर चॅसिस नंबर घालून कंपनीच्या मुख्य कार्यालयाला ईमेल करा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बहुतेक वेळा काम इथेच होतं. नाहीच झालं, तर ती ईमेल, जॉब कार्ड आणि पत्राचा फोटो घेऊन जवळच्या वकिलांना भेटा, म्हणजे कंपनीला रीतसर नोटीस पाठवता येईल.