वाळवंटात पाणी नसताना कांगारू कसे जगतात?

पाणी मिळवण्यापेक्षा असलेलं पाणी न गमावण्यावर कांगारूचा जास्त भर असतो. मध्य ऑस्ट्रेलियातला लाल कांगारू उन्हाळ्यात दिवसभर झाडाखाली, वरची तापलेली माती उकरून खालच्या गार मातीत पडून राहतो आणि संध्याकाळनंतर चरतो. कोवळ्या गवतातून बरंचसं पाणी मिळतं, आणि मूत्रपिंडं लघवी घट्ट करून ते वाचवतात. फारच उकडलं तर तो पुढचे पाय चाटतो. तिथे कातडीलगत रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. लाळ सुकताना रक्त थंड होतं, आपल्या माठासारखंच.

पण मला सगळ्यात भारी वाटते ती उडी. मागच्या पायांचे कंडरे, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट पट्टे, स्प्रिंगसारखे ताणले जाऊन ऊर्जा परत देतात. 1973 साली डॉसन आणि टेलर या शास्त्रज्ञांनी कांगारूंना ट्रेडमिलवर पळवलं, तेव्हा उड्या सुरू झाल्यावर वेग वाढला तरी ऑक्सिजनचा खर्च वाढला नाही. म्हणून दूर कुठे पाऊस पडून गवत उगवलं की तिथवर जाणं परवडतं.

मादी तर पोटातला गर्भ सुरुवातीच्या अवस्थेतच थांबवून ठेवते. पिशवीतलं पिल्लू मोठं झालं किंवा दगावलं की तो वाढू लागतो. दुष्काळ फारच लांबला तर प्रजननच बंद.

अर्थात, ‘कांगारूला पाणी लागतच नाही’ हे खरं नाही. गवत वाळलं की त्यालाही पाणवठा गाठावा लागतो, आणि मोठ्या दुष्काळात कांगारू मोठ्या संख्येने मरतात.