कोर्स संपला, पण आता बातमी साधी वाचताच येत नाही

प्रश्न : ताई, मी नाशिकला मास मीडियाच्या शेवटच्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला गुन्हेगारी आणि माध्यमं असा पेपर होता, आत्ताच परीक्षा झाली. प्रॉब्लेम असा की आता पेपर उघडला की प्रत्येक बातमीत खोट दिसते, आणि रात्री जेवताना पप्पा क्राइम बुलेटिन लावतात तेव्हा मी मध्येच बोलते की अजून काही सिद्ध झालेलं नाही, तर ते म्हणतात कॉलेजने तुला गुन्हेगारांचं वकीलपत्र दिलंय. मला क्राइम बीटच, म्हणजे गुन्हेगारीच्या बातम्यांचंच काम करायचं होतं, आता वाटतं की हे काम करूच नये. तुम्ही बरीच वर्षं केलंत, म्हणून विचारते.

उत्तर : कर. तुझ्यासारखीनेच करावं, कारण मी या बीटला आले तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

पहिल्याच वर्षी घरफोडीची एक बातमी केली होती. नेहमीसारखी प्रेसनोट आली, फोटो आला, चार जण बुरखे घालून उभे, मागे पोलीस, पुढे टेबलावर मुद्देमाल म्हणजे दोन मोबाइल आणि थोडे दागिने. मी लिहिलं 'पारधी समाजाची सराईत टोळी जेरबंद', प्रेसनोटमध्ये होतं तसंच. पुढे दीडेक वर्षाने कोर्टात दुसऱ्याच कामाला गेले तर कळलं की चारातले तिघे निर्दोष सुटले. व्हरांड्यात त्यातल्या एकाची आई बसली होती. तिने पदराची गाठ सोडून प्लास्टिकच्या पिशवीतलं कात्रण काढलं, माझीच बातमी. तिला वाचता येत नव्हतं, वकिलाला दाखवायला जपून ठेवलं होतं. म्हणाली, बाई, आता सुटला ते कधी छापणार? मी बातमी दिली. लागली नाही, जागा नव्हती म्हणे. अटकेला मात्र चार कॉलम जागा होती.

आणि जात कशाला लिहिली होती मी? इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण आपल्या हेडलाइनमधून गेलाच नाही. त्याचा शेवट कुठे होतो ते १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला दिसलं. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती, रविवारचा बाजार होता, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडून आलेली माणसं होती ती. अफवा मोबाइलवर आली हे खरं, पण फिरस्त्याला बघितलं की चोर आठवायची सवय फार जुनी आहे आणि त्यात आम्हा बातमीदारांचा हात आहे, हे मी मनापासून मानते.

तुझ्या कोर्सला नानावटी खटला असणारच. १९५९, मुंबई, नौदलाच्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या आणि ब्लिट्झ या साप्ताहिकाने त्याला हिरो केलं, ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं, मग हायकोर्टाने जन्मठेप दिली, ती १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केली, तरी १९६४ मध्ये माफी मिळालीच. बाजू चुकीची घेतली एवढंच त्यात बघू नकोस, पेपर वाचून आधीच मत बनलं की समोरचा पुरावा दिसेनासा होतो, ते बघ.

आता पप्पांचं. त्यांच्याशी तत्त्वावर वाद घालू नकोस, एकेक वाक्य दाखव. उदाहरणार्थ 'आरोपीने पोलिसांसमोर गुन्ह्याची कबुली दिली'. हे रोज छापून येतं, पण पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, जुन्या कायद्यात चालत नव्हता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही नाही. सुशांतसिंह प्रकरणानंतर १८ जानेवारी २०२१ च्या निकालात मुंबई हायकोर्टाने चॅनेलवाल्यांना हेच बजावलं की असा जबाब पुरावा असल्यासारखा दाखवू नका. किंवा पप्पांना एनसीआरबीचा, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा अहवाल दाखव, बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त केसेसमध्ये आरोपी बाईच्या ओळखीतलाच असतो, बुलेटिन मात्र रात्री रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची भीती घालत राहतं. काळजीपोटीच बघत असतील ते, घरात मुलगी आहे, त्यामुळे चिडू नकोस.

सगळ्या बातमीदारांना एका माळेत मात्र ओवू नकोस. रात्री साडेदहाला पेज सुटायचं असतं, हातात फक्त प्रेसनोट, दुसरी बाजू पोलीस कोठडीत, तिला फोन लागत नाही. तरीसुद्धा 'पोलिसांच्या म्हणण्यानुसार' हे दोन शब्द टाकायला आणि जात गाळायला वेळ लागत नाही.

सुट्टीत एक काम कर. दोन-तीन वर्षांपूर्वीची अटकेची एखादी बातमी काढ आणि त्या केसचं पुढे काय झालं ते शोध. जिल्हा न्यायालयात रोजचा बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी लागलेली असते, इन कॅमेरा म्हणजे बंद दाराआड चालणाऱ्या केसेस सोडल्या तर मागच्या बाकावर बसायला कुणाची परवानगी लागत नाही, फक्त फोन बंद ठेव. एका तारखेला पप्पांनाही ने. जे सापडेल ते पाचशे शब्दांत लिहून मला पाठव, सुटला असेल तर ते पहिल्याच वाक्यात लिही.