व्हिलनच मिळाला? बरं मग?

अरे,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला, सात मिनिटांचा, आणि त्यात मुद्दा एकच की तिसऱ्यांदा व्हिलनच गळ्यात मारला आणि डायलॉग जेमतेम चार. तर तुला कोनराड फाइट सांगतो, बर्लिनचा, जन्म १८९३ चा, तिथल्या मोठ्या नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या नाटकांत घडलेला नट.

त्याचा १९२० चा जर्मन सिनेमा 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगरी' आज रात्री बघ. मूकपट आहे, म्हणजे चार डायलॉगचीही चैन नाही. फाइट त्यात सेझारे झालाय, झोपेत चालणारा, मालक सांगेल त्याचा खून करणारा. पेटीत उभा, डोळे मिटलेले, मग पापण्या थरथरतात आणि हळूहळू डोळे सताड उघडतात, बस्स, अंगावर काटा येतो. सेटवर भिंती वाकड्यातिकड्या, सावल्यासुद्धा रंगवलेल्या, आणि हा पठ्ठ्या भिंतीला घासत असा सरकतो की तोही त्या सेटचाच तुकडा वाटतो. तू सेट नीट बघतोस का कधी, की एंट्रीलाच पहिल्यांदा दिसतो?

मग १९२८ ला अमेरिकेत 'द मॅन हू लाफ्स', चेहऱ्यावर कायमचं कोरलेलं हसू (बॅटमॅनच्या जोकरचा चेहरा यावरूनच आला म्हणतात). तोंड अडकलेलं, म्हणून सगळं रडणं डोळ्यांतून.

बोलपट आले, इंग्रजी कच्चं, परत जर्मनीला. १९३३ मध्ये नाझी आले, बायको ज्यू, हा स्वतः नव्हता तरी फॉर्मवर ज्यू लिहिलं म्हणतात, आणि देश सोडून ब्रिटनला गेला. तिकडून हॉलिवूड, आणि तिथे रोल कसले मिळाले? नाझींचेच! 'कासाब्लांका'मधला मेजर श्ट्रासर हाच. ज्यांच्यामुळे घर सोडलं त्यांचाच युनिफॉर्म घालून उभा राहिला, आणि असा थंड, नीटनेटका माणूस उभा केला की आरडाओरडा करायची गरजच पडली नाही. तू मागच्या प्रयोगात केवढा ओरडलास ते आठवतंय ना.

त्याच पिढीतला दुसरा जर्मन नट एमिल यानिंग्ज, बेस्ट ॲक्टरचं पहिलंवहिलं ऑस्कर त्याचं. तोही बोलपट आल्यावर परत गेला, पण तिथेच राहिला आणि नाझींच्या प्रचारपटांत मोठमोठे हिरो रंगवले. युद्धानंतर त्याला कोणी उभं केलं नाही. फाइट १९४३ मध्ये गोल्फ खेळताना गेला, पन्नाशीतच.

बुधवारी तालमीला येशील तेव्हा डायलॉग राहू दे, तुझा तो व्हिलन दारातून आत कसा येतो तेवढंच करून दाखव. आणि पुढचा मेसेज टाइप कर बाबा.