जानेवारीत इंग्लंडच्या शाळेत: वर्गाचं काय काय शिकून झालेलं असेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जानेवारीत पुण्याहून लेस्टरला येताय. मुलगा दुसरीत आहे, ऑगस्टमध्ये सात पूर्ण झाली. मुलगी सीनियर केजीत, जुलैमध्ये पाच पूर्ण. इथलं वर्ष सप्टेंबरलाच सुरू झालंय, तर तोवर वर्गात काय शिकवून झालेलं असेल आणि हातातल्या दोन महिन्यांत घरी काय करून घ्यावं?

आधी इयत्तेचं बघू, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. इथे १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट अशी जन्मतारखेची पट्टी असते आणि तुमच्याकडची इयत्ता कोणी विचारत नाही. त्या हिशोबाने मुलगा इयर थ्रीत बसेल, मुलगी इयर वनमध्ये. मुलगा सप्टेंबरात जन्मला असता तर एक वर्ग खाली गेला असता. हे सगळं इंग्लंडपुरतं. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे अभ्यासक्रम वेगळे आहेत.

मुलाची काळजी तुम्हाला जास्त वाटतेय, पण खरी तयारी मुलीची करायला हवी. तिच्या वर्गातली मुलं चौथ्या वर्षापासून, म्हणजे इयर वनच्या आधीच्या रिसेप्शन या वर्गापासून, रोज फोनिक्स, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचणं, करताहेत. ती येईल तेव्हा त्यांची चार सत्रं झालेली असतील. आणि जूनमध्ये इयर वनची फोनिक्सची तपासणी असते: ४० शब्द, त्यातले २० खरे आणि २० बिनअर्थाचे. बिनअर्थाच्या शब्दाशेजारी एका काल्पनिक प्राण्याचं चित्र असतं, म्हणून मुलं त्यांना एलियन शब्द म्हणतात. शिक्षिका एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेते. गेली कित्येक वर्षं ३२ ही अपेक्षित पातळी आहे. तिथे पोचलं नाही तर इयर टूमध्ये पुन्हा बघतात. याने वर्ग अडत नाही, पण वाचन कुठे अडतंय ते शाळेला कळतं.

बिनअर्थाचे शब्द का, तर पाठांतर उघडं पडावं म्हणून. आपल्याकडे केजीत ‘सी ए टी कॅट’ असं घोकून घेतात. इथे अक्षराचं नाव नंतर येतं, आवाज आधी. पुष्कळ शाळांत सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांच्या आवाजांनी होते, कारण एवढ्यातच पुष्कळ लहान शब्द जुळतात. पुढे दोन अक्षरांचा एक आवाज (एसएच, सीएच, टीएच, एनजी), मग लांब स्वर. इयर वनच्या सुमारास खरी गुंतागुंत सुरू होते: एकच ‘ए’ आवाज ‘रेन’मध्ये एआयने, ‘डे’मध्ये एवायने, तर ‘केक’मध्ये मधल्या के अक्षराच्या दोन बाजूंना बसलेल्या ए आणि ईने लिहिला जातो.

मराठी घरात हमखास होणारी चूक म्हणजे व्यंजनाला चिकटलेला ‘अ’. आपण क, ट, ब म्हणतो. फोनिक्सला पाय मोडलेलं अक्षर लागतं: क्, ट्, ब्. ‘क-ॲ-ट’ जोडून ‘कॲट’ होतं, ‘क्-ॲ-ट्’ जोडलं की ‘कॅट’. एस, एम, एफ यांचे आवाज लांबवून म्हणता येतात, स्स्स्, म्म्म्. तिथून सुरू करा. दुसरी अडचण व्ही आणि डब्ल्यूची, कारण आपल्या कानाला दोन्ही ‘व’च. व्हीला वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, डब्ल्यूला ओठ गोल होतात. आरशासमोर दोन दिवस केलं तरी जमतं. तपासणीत मुलांचा लहेजा लक्षात घेतात, त्यामुळे त्याचा धसका नको. पण दोन अक्षरं दोन आवाजांची आहेत हे तिला कळलेलं हवं. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरतात. तासभर बसवलंत तर कंटाळून पुस्तकच नको म्हणेल.

तिच्या गणितात फारसं मागे पडायला नको. पुष्कळ शाळा व्हाइट रोज या संस्थेने केलेली गणिताची आखणी वापरतात. त्यात इयर वनच्या पहिल्या सत्रात दहापर्यंतच्या संख्या, त्यांची बेरीज-वजाबाकी आणि आकार होतात. जानेवारीत वीसपर्यंत जातात. केजीतली मुलं शंभरपर्यंत म्हणून दाखवतात, पण ‘सात म्हणजे पाच आणि किती?’ याला अडखळतात. इथे तेच विचारतात, दहा चौकोनांच्या चौकटीत गोळे ठेवून किंवा एका मोठ्या वर्तुळाला जोडलेल्या दोन लहान वर्तुळांत संख्या फोडून. घरी दहा चिंचोके घ्या, काही मुठीत लपवा, मुठीत किती ते तिला सांगू द्या.

मुलाच्या वर्गात पहिल्या सत्रात हजारपर्यंतच्या संख्यांची स्थानिक किंमत, तीन अंकी उभी बेरीज-वजाबाकी आणि ३, ४, ८ चे पाढे सुरू झालेले असतील. २, ५, १० चे पाढे इयर टूमध्येच झालेले धरतात. जानेवारीनंतर मोठे गुणाकार-भागाकार, लांबी-परिमिती, अपूर्णांक. हातचा बहुतेक शाळांत उत्तराच्या रेघेखाली लिहितात. आपल्या मुलांना वर लिहायची सवय असते, एवढ्यावरून गोंधळ होतो. उत्तर बरोबर असलं तरी ‘तुला कसं कळलं?’ हे वाक्यात किंवा चित्रात सांगावं लागतं. नुसतं उत्तर लिहून गप्प बसणारा हुशार मुलगा इथे मागे दिसतो.

पाढ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं. पुढच्या वर्षी, इयर फोरच्या जूनमध्ये, संगणकावर पाढ्यांची तपासणी होते: २ ते १२ च्या पाढ्यांतले २५ प्रश्न, प्रत्येकाला ६ सेकंद, मध्ये ३ सेकंदांची उसंत. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असं काही नसतं. आपली मुलं पाढे सुरात म्हणतात, ही मोठी शिदोरी आहे, ती सोडू नका. पण ‘सात एके सात’पासून निघून ‘सात आठे’पर्यंत येईतो ६ सेकंद संपतात. म्हणून क्रम मोडून विचारा. दुसरी गोष्ट, मराठीत ‘छप्पन्न’ म्हणताना सहा आधी येतो, इंग्रजीत पन्नास आधी. मनात मराठीत उत्तर आलेलं मूल घाईत ६५ टाइप करतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ पद्धत आणली त्यामागची अडचण हीच. पाढा मराठीतच म्हणू द्या, उत्तर मात्र अंकांत लिहून घ्या.

इंग्रजीत इयर थ्रीला परिच्छेद पाडणं, अवतरणचिन्हं, जोडून लिहिलेलं अक्षर. धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ करून चालत नाहीत. ‘तो घाबरलाय हे कुठल्या शब्दावरून कळतं?’ अशा धर्तीचं विचारतात. गोष्ट वाचताना मध्येच थांबून असे दोन प्रश्न मराठीत विचारले तरी सवय लागते. इतिहासात पुष्कळ शाळा या वर्षी अश्मयुग ते लोहयुग घेतात, स्टोनहेंज आणि ऑर्कनी बेटांवरचं स्कारा ब्रे हे त्यातले ठरलेले मुक्काम. पुढे प्राचीन संस्कृतींमध्ये शाळेला सुमेर, सिंधू खोरं, इजिप्त आणि चीनमधलं शांग घराणं यांतून निवड करता येते. विज्ञानात खडक-जीवाश्म, सांगाडा आणि स्नायू, प्रकाश, चुंबक, वनस्पती. क्रम शाळेगणिक बदलतो.

क्रमिक पुस्तकं नसतात आणि वह्या शाळेतच राहतात, त्यामुळे काय चाललंय ते दप्तर उघडून कळत नाही. शाळेच्या संकेतस्थळावर वर्गवार, अर्ध्या सत्राची आखणी असते. पत्ता नक्की झाला की आजूबाजूच्या दोन-तीन शाळांची ती उतरवून घ्या.

प्रवेश वर्षाच्या मध्ये असल्याने अर्ज सहसा स्थानिक कौन्सिलकडे जातो, पत्त्याचा पुरावा मागतात. रिसेप्शन, इयर वन आणि इयर टू या वर्गांना एका शिक्षकामागे ३० मुलांची कायदेशीर मर्यादा आहे, इयर थ्रीला तशी नाही. त्यामुळे मुलाला जवळच्या शाळेत जागा आणि मुलीला दुसरीकडे, असं होऊ शकतं. तसं झालं तर मुलीचं नाव पहिल्या शाळेच्या प्रतीक्षायादीत टाकून ठेवा. तिचं दुपारचं जेवण शाळेत मोफत, कारण इयर टूपर्यंत सगळ्यांनाच असतं. मुलाचे पैसे भरा किंवा डबा द्या. डब्यात शेंगदाणे पुष्कळ शाळांत चालत नाहीत, म्हणजे दाण्याची चटणी, चिक्की आणि कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी बाद.

येताना प्रगतिपुस्तकं आणाच, पण मुलाची गणिताची एक वही आणि मराठी लेखनाची दोन पानंही आणा. त्याला एका लिपीत नीट लिहिता-वाचता येतं हे शिक्षिकेला दिसलं, तर इंग्रजी कमी बोलतो म्हणून तिचा गैरसमज होत नाही. मुलीच्या शिक्षिकेला पहिल्याच भेटीत विचारा की शाळा फोनिक्सची कुठली पद्धत वापरते आणि वर्ग कुठल्या आवाजापर्यंत आलाय. पद्धतीप्रमाणे शिकवण्याचा क्रम आणि आवाजांसोबतचे हातवारे बदलतात, म्हणून तोवर घरी पहिल्या सहा आवाजांपुढे फार घाई करू नका.