एम.एस.ला जायचंय? आधी कागद काढ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

कॉम्प्युटरमध्ये एम.एस. करायला बाहेर जायचं ठरलंय, पण अमेरिका की जर्मनी यावर तुझी गाडी अडली आहे. देश नंतर ठरव. आधी एक हिशेब कर: शिक्षण झालं, तिकडे नोकरी लागली नाही आणि पुण्याला परत यावं लागलं, तर पुण्याच्या पगारातून कर्जाचा हप्ता निघतो का?

अमेरिकेसाठी ४५ लाखांचं कर्ज धर, व्याज ११ टक्के, फेड १० वर्षांत. हप्ता महिना ६२ हजारांच्या आसपास बसतो. तोही शिकतानाचं व्याज दरमहा भरत राहिलं तर. नाही भरलं की ते मुद्दलात चढतं आणि हप्ता फुगतो. डॉलरच्या पगारात ही रक्कम सहज जाते, पुण्यातल्या फ्रेशरच्या पगारात मावत नाही. पदवीनंतर ओपीटीचे (शिकून झाल्यावर तिथं काम करायच्या सवलतीचे) १२ महिने आणि कॉम्प्युटरसारख्या विषयांना वर २४ महिने, अशी तीन वर्षं तिथं काम करता येतं. पण पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं की मुक्काम धोक्यात येतो. पुढे एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा. दरवर्षी ८५ हजार जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त, त्यामुळे चांगल्या कामाच्या माणसाचाही नंबर हुकतो. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेबाहेरच्या माणसासाठीच्या प्रत्येक नव्या अर्जामागे कंपनीला १ लाख डॉलरची रक्कम लावली गेली. म्हणजे एकदा परत आलं की पुन्हा बोलावणं येणं अवघड. हे नियम बदलत राहतात, म्हणून अर्ज भरायच्या महिन्यात अमेरिकन सरकारच्या साइटवर स्वतः वाच.

जर्मनीत सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र सत्राला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठही आता युरोपबाहेरच्या मुलांकडून फी घेतं. खरा खर्च ब्लॉक्ड अकाउंटचा: व्हिसाआधी ११,९०४ युरो भरायचे, तिथं गेल्यावर ते महिना ९९२ प्रमाणे सुटतात. युरो शंभर रुपये धरला तरी १२ लाखांच्या घरात. ही रक्कम एकाच वर्षाची आहे. तिथं राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या वर्षाचे पैसे किंवा पगाराचा पुरावा पुन्हा दाखवावा लागतो, आणि इथंच पुष्कळ जण अडकतात.

कर्जाचं बोलू. घरच्यांना वाटतं आठ-दहा एकर वावर आहे, बँक नाही कशी म्हणेल? शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून बहुतेक बँका घेत नाहीत. कारण सरफेसी, म्हणजे बँकांचा थकीत कर्जवसुलीचा कायदा, शेतजमिनीला लागत नाही. हप्ते थकले तर बँकेला कोर्टाबाहेर ती विकता येत नाही. चालतो तो एनए (बिगरशेती) प्लॉट, शहरातला फ्लॅट किंवा मुदत ठेव. गावठाणातल्या घराचा फक्त नमुना आठ असेल तर बँक का-कू करते. संभाजीनगरात गुंठेवारीतला प्लॉट असेल तर तो नियमित झाल्याचा कागद लागतो. फेरफार आजोबांच्याच नावावर थांबला असेल तर वारसनोंद करण्यात महिने जातात, आणि प्रवेशपत्र हातात घेऊन तलाठ्याकडे खेटे घालायची वेळ येते. म्हणून वकिलाकडून सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदी तपासलेला अहवाल) आत्ताच काढून घे. शेजारच्याकडून पंधरा दिवसांसाठी पैसे आणून खात्यात ‘दाखवायचा’ सल्ला कोणी दिला तर ऐकू नको. एकदम आलेली मोठी रक्कम व्हिसा अधिकाऱ्याच्या नजरेत भरते.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत: सामाजिक न्याय, ओबीसी-बहुजन कल्याण, सारथी. जागा मोजक्या, आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या २०० मध्ये लागतं. जर्मनीतल्या झारब्रुकनचं विद्यापीठ कॉम्प्युटरसाठी नावाजलेलं, माक्स प्लांक ही संशोधन संस्था त्याच आवारात. पण ते या २०० मध्ये बसत नाही. जाहिरात निघाली की अटी शब्द न शब्द वाच.

आता तुझे मार्क. जर्मन विद्यापीठं सीजीपीए बव्हेरियन सूत्राने बदलून घेतात: जास्तीत जास्त गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला जास्तीत जास्त आणि पासिंगमधल्या फरकाने भाग, तिनाने गुण, एक मिळव. ७.६ सीजीपीए आणि पासिंग ४ असेल तर २.२ येतात. पासिंग ५ धरलं तर तेच २.४४ होतात. तिथं आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बऱ्याच अभ्यासक्रमांची रेघ २.५ वर असते. त्यामुळे गुणपत्रिकेच्या मागे पासिंग ग्रेड नीट छापलाय का ते बघ, नसेल तर विद्यापीठाकडून लेखी घे. शिवाय ते विषय मोजतात. गणित, अल्गोरिदम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन यांचे क्रेडिट कमी पडले की ९ सीजीपीएवालाही बाद. ई अँड टीसीवाल्यांना (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या मुलांना) नकार येतो तो बहुतेक याच कारणाने. प्रत्येक विषयाचा सिलॅबस, तासांसकट, शिक्का मारून घेऊन ठेव.

तुझं कॉलेज बाटूला (डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला) संलग्न असेल तर ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा, लोणेऱ्याहून येणार. लातूर-नांदेडहून तो पल्ला लांब आहे, एकाच खेपेत जादा प्रती काढ. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्रही (तुझी शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) लागतं: फी १८ हजार रुपये, वेळ काही आठवडे, आणि ते नसेल तर व्हिसाचा अर्जच पुढे सरकत नाही.

नावाचा घोळ वेगळाच. दहावीच्या सनदेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव गायब. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकन व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येतं. पुढे बँक, लायसन्स, पगार, सगळीकडे ते निस्तरत बसावं लागतं. पासपोर्ट आधी दुरुस्त कर, मग जीआरई-आयईएलटीएससारख्या परीक्षेची नोंदणी.

‘फुकट’ सल्ला देणाऱ्या कन्सल्टंटला प्रवेशामागे कॉलेजकडून कमिशन मिळतं, त्यामुळे त्याच्या यादीत फी नसलेली सरकारी विद्यापीठं क्वचितच दिसतात. जर्मनीचं नक्की झालं तर जर्मन भाषा इथूनच सुरू कर. शिकवणं इंग्रजीत असलं तरी नोकरीच्या मुलाखतीत बी-वन (जर्मनची मधली पातळी) विचारतात, आणि तिथं पोचल्यावर अभ्यास नि पार्टटाइम कामातून भाषेला वेळ उरत नाही.

या आठवड्यात तीन कामं: ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज, प्लॉटची फाइल वकिलाकडे, आणि पासपोर्ट दहावीच्या सनदेशी जुळवून बघणं. सिलॅबसची पीडीएफ मिळाली की मला पाठव, कुठले क्रेडिट कमी पडतात ते सांगतो.

तुझा हितचिंतक