पुण्यात नगर रोड रुंद केला की त्यावरच्या वाघोलीची वाहतूक कोंडी सुटेल का?

थोडा वेळ, बस्स. दुखणं नगर रोडच्या रुंदीत नाही, आतल्या गल्ल्यांत आहे. शेताचे लांबट तुकडे एकेक करून विकले गेले. प्रत्येक बिल्डरने आपल्यापुरता रस्ता काढला आणि तो हद्दीच्या भिंतीला नेऊन टेकवला. मागच्या सोसायटीत पायी दोन मिनिटांत पोचता आलं असतं, पण गाडी हायवेवरूनच वळसा घेते. दूध आणायलासुद्धा.

रस्ते एकमेकांना किती जोडलेत हे मोजायचं असेल तर नकाशा घ्या. दोन चौकांमधला रस्ता म्हणजे एक दुवा. चौक आणि बंद टोकं म्हणजे बिंदू. दुवे भागिले बिंदू. चौकटीसारख्या जाळ्यात उत्तर २ च्या आसपास येतं, फांद्यांसारख्या रचनेत १ च्या. १.४ च्या वर असेल तर बरं म्हणतात. समजा १२ दुवे, ११ बिंदू : १.०९. दोन बंद टोकं जोडली की दोन्ही गल्ल्या आणि मधला नवा तुकडा मिळून एकच दुवा होतो, ती दोन टोकं बिंदू राहत नाहीत, म्हणजे ११ भागिले ९ : १.२२. एक भिंत पाडून एवढा फरक!

विकास आराखड्यात रस्ता नुसता आखून भागत नाही, मधलं एक शेत ताब्यात आलं नाही की तो तिथेच अडतो. त्यापेक्षा नगररचना योजना बरी : जमिनी एकत्र करून आधी रस्ते काढतात, मग उरलेले प्लॉट परत वाटतात. पण हे बांधकामं होण्याआधीच जमतं.